यंत्राचा पासंग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वाण्याच्या दुकानात पूर्वी हाताने धरायचा तराजू असे. माल घालण्याआधी दुकानदार दोन्ही पारडी मोकळी सोडून दांडी सरळ राहते का ते पाहत असे. एखादे पारडे झुकते आहे असे दिसले, की हलक्या पारड्याला खडा, चिंचोका किंवा शिशाचा तुकडा बांधून तो दोन्ही पारडी बरोबर करून घेई. त्या तुकड्याला पासंग म्हणतात. शब्द फार्सीतला, 'संग' म्हणजे दगड. मराठीने तो इतका आपलासा केला, की 'अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही' असे म्हणताना तराजू आपल्या डोळ्यांपुढे येतही नाही. आज मला बोलायचे आहे ते एका वेगळ्याच तराजूबद्दल. त्यात अणूंच्या थरांमधली अंतरे मोजली जातात. या तराजूलाही पासंग लागतो. फरक इतकाच, की इथे कोणते पारडे झुकले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि आज बांधलेला पासंग वर्षभराने पुरतोच असे नाही.

माझे शिक्षण बी.ए.पर्यंतचे, तेही मराठी साहित्य घेऊन. पोटापाण्यासाठी मात्र मी बरीच वर्षे एका विज्ञान संस्थेच्या कार्यालयात काम केले. यंत्रांच्या नोंदवह्या, देखभालीची पत्रे, सुट्या भागांच्या मागण्या हे सारे माझ्या टेबलावरून पुढे जात असे. त्यातली एक वही मला कोड्यात टाकी. ती होती क्ष-किरण विवर्तनाच्या यंत्राची. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून तिथे सगळे त्याला 'एक्सआरडी' म्हणत. त्या वहीत दर महिन्याला एकाच पदार्थाची तपासणी केल्याची नोंद असे : सिलिकॉनची भुकटी. आणि उत्तर दर वेळी जवळपास एकच, २८.४४ अंश. यंत्रासाठी संशोधक विद्यार्थ्यांची रांग लागलेली, आणि इथे उत्तर आधीच ठाऊक असलेला पदार्थ पुन्हा पुन्हा मोजला जातो आहे! ते यंत्र सांभाळणाऱ्या मॅडमना मी एकदा हे विचारले. त्या म्हणाल्या, "कवीसाहेब, त्या दिवशी परीक्षा यंत्राची असते. सिलिकॉन परीक्षक म्हणून येतं."

हे नीट समजायचे तर आधी यंत्र काय करते ते पाहायला हवे. मीठ, साखर, वाळू, गोळीतले औषध, धातूची कांब, सह्याद्रीचा काळा दगड, या सगळ्यांत अणू किंवा रेणू ठरलेल्या शिस्तीने, थरांवर थर असे रचलेले असतात. अशा रचनेला स्फटिक म्हणतात. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले, आणि पलीकडच्या फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. स्फटिकातल्या थरांमुळे किरण ठरावीक दिशांनाच वळले होते. त्यानंतर लगेच इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी त्यामागचा हिशेब सोपा करून मांडला. दोन शेजारच्या थरांवरून परतणाऱ्या लाटांची पावले जुळली तर त्या एकमेकींना बळ देतात, न जुळल्या तर एकमेकींना विझवतात. पावले जुळतात ती ठरावीक कोनातच. थर जितके जवळ, तितका कोन मोठा. या कामासाठी पितापुत्रांना १९१५ चे नोबेल मिळाले, तेव्हा लॉरेन्स अवघा पंचवीस वर्षांचा होता.

पुढे १९१६ साली डिबाय आणि शेरर यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे १९१७ साली अमेरिकेत हल यांनी दाखवले, की मोठा सुबक स्फटिक हाताशी नसला तरी अडत नाही, पदार्थाची बारीक भुकटीही चालते. भुकटीत लाखो कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून पडलेले असतात, त्यामुळे प्रत्येक थराच्या वाट्याला योग्य कोनात बसलेले काही कण येतातच. यंत्राचा बाहू हळूहळू फिरतो, किरण मोजत जातो, आणि कागदावर एक आलेख उमटतो : बराच वेळ सपाट मैदान, मध्येच एकदम शिखर, पुन्हा मैदान. कोणती शिखरे कोणत्या कोनांवर आली यावरून पदार्थ ओळखता येतो. अंगठ्याच्या ठशासारखेच हे.

इथे एक गोष्ट ध्यानात धरावी. यंत्र अंतर मोजत नाही, कोन मोजते. अंतर आपण हिशेबाने काढतो. तांब्याच्या नळीतून निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. तरंगलांबी ठाऊक, कोन मोजला, की थरांमधले अंतर मिळाले. म्हणजे कोनात जी खोट असेल, ती निमूटपणे अंतरात उतरते. आलेखाच्या कागदावर ती कुठेही लिहिलेली नसते. शिखर तितकेच टोकदार आणि तितकेच देखणे दिसते, फक्त चुकीच्या जागी उभे असते.

आता हा कोन बिघडतो कसा? सगळ्यात साधे कारण म्हणजे शून्य. बाहू शून्यावर आहे असे यंत्र म्हणते तेव्हा तो खरोखर शून्यावर असतोच असे नाही. दाते झिजतात, स्क्रू सैल होतात, नळी बदलली की किरण निघण्याची जागा केसभर सरकते. हा यंत्राचा अस्सल पासंग. दुसरे कारण त्याहून खोडकर आहे : नमुन्याची उंची. भुकटी छोट्या तबकडीत भरून तिचा पृष्ठभाग काचेने दाबून सपाट करतात. तो पृष्ठभाग यंत्राच्या नेमक्या मध्यावर असायला हवा. ज्या यंत्रात नमुन्यापासून मोजणाऱ्या डोळ्यापर्यंतचे अंतर २०० मिलिमीटर आहे, तिथे पृष्ठभाग एक दशांश मिलिमीटर, म्हणजे एका साध्या कागदाच्या जाडीइतका, खालीवर झाला तर सिलिकॉनचे पहिले शिखर ०.०५ अंशाहून थोडे जास्तच सरकते. हे ऐकून आपल्याला काही वाटणार नाही. पण चांगल्या यंत्राकडून ०.०१ किंवा ०.०२ अंशापर्यंतच्या खात्रीची अपेक्षा असते, त्या हिशेबात ही घसरण बरीच मोठी आहे.

मग खोट शून्याची आहे की उंचीची, हे कळणार कसे? यातली युक्ती मला फार आवडली. शून्य चुकले असेल तर सगळी शिखरे सारखीच सरकतात. उंची चुकली असेल तर कमी कोनावरची शिखरे जास्त सरकतात आणि मोठ्या कोनावरची कमी. सिलिकॉनचे एक शिखर १३७ अंशांच्या जवळ येते. तिथे उंचीच्या चुकीचा परिणाम पहिल्या शिखराच्या तुलनेत एक तृतीयांशाहून थोडाच अधिक उरतो. म्हणून एकच शिखर पाहून भागत नाही, सगळी ओळ तपासावी लागते. गझल लिहिणाऱ्याला हे पटकन कळेल. मतल्यात वृत्त ठरते, आणि पुढच्या शेरांत कुठे चुकले ते त्या मतल्यावर घासूनच कळते. एखाद्याच शेरात मात्रा कमी पडली तर तो शेर सुधारायचा, सगळेच शेर एकसारखे अडखळू लागले तर चालच चुकीची धरली आहे असे समजायचे.

नळीही म्हातारी होते. तिच्या आत टंगस्टनची तापलेली तार असते. वर्षानुवर्षे त्या तारेतले टंगस्टन उडून तांब्यावर बसत जाते. मग तांब्याच्या किरणांत टंगस्टनचेही किरण मिसळतात, आणि आलेखात नसलेल्या पदार्थाची बारीक शिखरे दिसू लागतात. सिलिकॉनच्या २८.४४ अंशांच्या शिखराआधी २७.२ अंशांच्या आसपास एखादे टेंगूळ उगवले, की जाणकार माणूस नव्या खनिजाचा शोध लागला म्हणून नाचत नाही, नळीचे वय विचारतो. किरणांचा जोरही उतरत जातो, मोजणारा डोळा मंदावतो. तो भाग वेगळा तपासावा लागतो.

परीक्षक म्हणून सिलिकॉनच का? ते शुद्ध मिळते, हवेत बिघडत नाही, पाणी शोषत नाही, आणि त्याच्या थरांची अंतरे जगात सर्वाधिक काळजीने मोजली गेलेली आहेत. अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था, जिला आज एनआयएसटी म्हणतात, ती १९७० च्या दशकापासून सिलिकॉनची अशी भुकटी बाटलीत भरून प्रमाणपत्रासह देत आली आहे. तिचा क्रमांक ६४०, आणि प्रत्येक नव्या घाणीला पुढचे अक्षर : ६४०ए, ६४०बी असे. साठा संपला की नवी भुकटी, आणि नव्या भुकटीचे नव्याने मोजमाप. जुन्या बाटलीचा आकडा नव्या बाटलीला चिकटवत नाहीत. शिखरांची रुंदी तपासायला लँथॅनम हेक्साबोराइड नावाची जांभळट भुकटी असते. कण फार बारीक असले की शिखरे पसरट होतात, आणि त्या पसरटपणावरून कणांचा आकार काढतात. पण थोडा पसरटपणा यंत्राचा स्वतःचाही असतो, तो आधी वजा करावा लागतो. किरणांच्या जोरासाठी अ‍ॅल्युमिनाची भाजलेली कडक चकती असते. तिचा यादीतला क्रमांक १९७६. ते साल नव्हे, हे मला दोनदा सांगावे लागले होते.

ही चकती एका अर्थाने भुकटीहून उजवी. भुकटी दर वेळी नव्याने भरावी लागते आणि भरणाऱ्याचा हात त्यात येतो. 'पुन्हा मोजले आणि तेच आले' या वाक्याचे तीन वेगळे अर्थ होऊ शकतात. नमुना यंत्रात तसाच ठेवून लागोपाठ पाच वेळा मोजणे हा पहिला. प्रत्येक वेळी काढून पुन्हा ठेवणे हा दुसरा. आणि तबकडी रिकामी करून, पुसून, नव्याने भुकटी भरून मोजणे हा तिसरा. पहिल्यात आकडे एकमेकांना अगदी चिकटून येतात, दुसऱ्यात थोडे विखुरतात, तिसऱ्यात आणखी. पहिल्या प्रकारचे आकडे दाखवून तिसऱ्या प्रकारची खात्री देणारी मंडळी असतात, तेव्हा 'तेच आले' असे कोणी म्हटले तर कोणत्या अर्थाने, हे विचारून घ्यावे. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे वेगळे गाव, वेगळे यंत्र, वेगळा माणूस. स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समितीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोरंडम, फ्लोराइट आणि झिंकाइट या तीन खनिजांची ठरावीक मिश्रणे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांना पाठवली आणि प्रत्येक खनिज किती टक्के आहे ते कळवा म्हटले. निष्कर्ष २००१ आणि २००२ साली छापून आले. यंत्रांपेक्षा आलेखाचा अर्थ लावणाऱ्या माणसांकडूनच जास्त चुका झाल्या होत्या.

आता त्या वहीकडे येऊ. दर महिन्याचा आकडा नुसता लिहून उपयोग नसतो, तो आलेखावर टिंबाने मांडावा लागतो. मध्ये सरासरीची आडवी रेघ, वर आणि खाली मर्यादेच्या दोन रेघा. ही पद्धत वॉल्टर श्युहार्ट यांची, १९२४ सालची. टेलिफोनचे साहित्य बनवणाऱ्या कारखान्यासाठी त्यांनी ती काढली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ साली ते भारतातही येऊन गेले होते. या आलेखात टिंबे थोडी वरखाली नाचणारच, तो यंत्राचा श्वास समजावा. टिंब मर्यादेबाहेर गेले तर थांबून शोध घ्यायचा. पण याहून नाजूक एक खूण आहे. सगळी टिंबे मर्यादेच्या आत आहेत, तरीही लागोपाठ सात-आठ महिने सरासरीच्या एकाच बाजूला पडताहेत. एकेका महिन्याचा आकडा पाहिला तर तक्रारीला जागा नाही, सगळे मिळून पाहिले की काहीतरी सरकले आहे हे दिसते. एका दिवसाची तपासणी कितीही कडक केली तरी हे दिसणार नाही. त्यासाठी सालोसालची वहीच लागते, आणि ती सांभाळण्याचा कंटाळा न करणारे माणूस लागते.

मॅडमचे आणखी दोन नियम होते. एक, टिंब जरासे हलले म्हणून लगेच स्क्रू फिरवायचा नाही. प्रत्येक हेलकाव्यामागे धावून दुरुस्ती केली तर हेलकावे वाढतात, कमी होत नाहीत. दुसरा, दुरुस्तीला माणूस आला की त्याने हत्यारांची पेटी उघडण्यापूर्वी एकदा सिलिकॉन मोजायचे, आणि काम झाल्यावर पुन्हा. आधीचा आकडा घेतलाच नाही, तर यंत्र किती आणि केव्हापासून चुकत होते हे कायमचे पुसले जाते. मग मागच्या सहा महिन्यांच्या मोजणीतले काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हे कोणी सांगू शकत नाही. दुरुस्तीच्या आनंदात हा आकडा घ्यायचा राहून जातो, असे अनेक ठिकाणी होते.

हे सगळे ऐकताना एखाद्याला वाटेल, की शतांश अंशासाठी एवढा खटाटोप कशाला? चुनखडीचे उदाहरण घ्या. शुद्ध कॅल्साइटचे मुख्य शिखर २९.४ अंशांवर येते. त्यात कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम शिरू लागले की थर जवळ येतात आणि शिखर मोठ्या कोनाकडे सरकते. निम्मे कॅल्शियम, निम्मे मॅग्नेशियम असे डोलोमाइट झाले की ते ३१ अंशांच्या जवळ पोचते. शिंपले आणि प्रवाळ यांच्यातले मॅग्नेशियम या सरकण्यावरून काढता येते. आता शिखर ०.०५ अंशाने सरकलेले दिसले. हे दीड टक्का मॅग्नेशियम म्हणायचे, की तबकडी कागदाच्या जाडीइतकी वर बसली म्हणायचे? आलेखात दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ज्याला खात्री हवी तो नमुन्यातच चिमूटभर सिलिकॉन मिसळतो. मग दोघेही एकाच तबकडीत, एकाच उंचीवर बसतात. सिलिकॉन जितके सरकले तितके दोघांतून वजा करायचे, उरेल ते चुनखडीचे.

औषधाच्या बाबतीत प्रश्न जिवाचा होतो. एड्सच्या रुग्णांसाठी रिटोनावीर नावाचे औषध १९९६ साली बाजारात आले. १९९८ साली त्याच्या कॅप्सूल विरघळण्याच्या चाचणीत नापास होऊ लागल्या. रेणू तोच होता, रासायनिक शुद्धतेत काही बदल नव्हता. पण त्या रेणूने स्फटिकात बसण्याची एक नवी, अधिक पक्की रचना शोधली होती, आणि ती फार कमी विरघळत होती. कॅप्सूल बाजारातून गेल्या आणि रुग्णांना काही काळ कडू द्रवरूप औषधावर राहावे लागले. अशा दोन रचना ओळखण्याचे एक खात्रीचे साधन म्हणजे क्ष-किरण विवर्तन. औषधकोशांत नियम आहे, की नमुन्याची आणि प्रमाण पदार्थाची शिखरे ०.२ अंशाच्या आत जुळली पाहिजेत, आणि यंत्राची कामगिरी प्रमाणित पदार्थाने तपासलेली असली पाहिजे. ज्या यंत्राने ही ०.२ अंशाची मोकळीक आपल्याच पासंगात खर्च केली, त्याने गोळीबद्दल दिलेल्या निकालाला काय अर्थ राहिला?

इथवर आपण धरून चाललो, की सगळी यंत्रे एकमेकांशी जुळली म्हणजे झाले. पण सगळी यंत्रे जुळलेली, वर्षानुवर्षे तेच उत्तर देणारी, आणि तरीही सगळीच चुकलेली, असे प्रत्यक्षात घडून गेले आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

स्वीडनचे मान्ने सिगबान हे क्ष-किरणांच्या तरंगलांबी मोजण्यात जगात अग्रणी. १९२४ चे नोबेल त्यांना मिळाले. त्यांची मोजमापे इतकी सूक्ष्म होती, की एका लाखातले काही भागही त्यांना वेगळे दिसत. अडचण अशी होती, की तितक्याच अचूकतेने कोणत्याही स्फटिकातले अंतर मीटरमध्ये ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी स्वतःचे एकक घेतले. कॅल्साइटच्या थरांमधले अंतर १८ अंश सेल्सिअसला ३०२९.०४ 'एक्स-एकके' मानायचे, आणि एक हजार एक्स-एकके म्हणजे एक अँगस्ट्रॉम. हा ३०२९ आकडा मुळात आला तो हिशेबातून. स्फटिकाची घनता मोजली, रेणूचे वजन ठाऊक आहे, आणि ठरावीक वजनात किती रेणू असतात तो अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा ठाऊक आहे, तर एका रेणूच्या वाट्याला किती जागा येते ते काढता येते. त्या जागेचे घनमूळ घेतले की अंतर मिळते. आणि अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा येत होता इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून, म्हणजे अमेरिकेतल्या रॉबर्ट मिलिकन यांच्या प्रसिद्ध तेलाच्या थेंबांच्या प्रयोगावरून.

जगभरच्या प्रयोगशाळा एक्स-एककात मोजत होत्या आणि आकडे सुरेख जुळत होते. १९२५ साली अमेरिकेत कॉम्प्टन आणि डोआन यांनी वेगळी वाट धरली. क्ष-किरण अगदी तिरपे सोडले तर रेघा आखलेल्या जाळीवरूनही त्यांचे विवर्तन होते. जाळीवरच्या रेघांमधले अंतर थेट मीटरशी ताडता येते, स्फटिकाची मध्यस्थी लागत नाही. ही रीत पुढे सुधारत गेली तसे दिसू लागले, की जाळीने काढलेली तरंगलांबी आणि स्फटिकाने काढलेली तरंगलांबी जुळत नाहीत. फरक सुमारे ०.२ टक्के. चूक जाळीवाल्यांची, असे अनेकांना वाटले, आणि ते साहजिक होते. एकीकडे नवी, अवघड रीत. दुसरीकडे वर्षानुवर्षे स्थिर आलेले आकडे. शेवटी खोट निघाली ती अशा जागी, जिचा क्ष-किरणांशी काहीच संबंध नव्हता. मिलिकन यांनी थेंब किती वेगाने पडतो यावरून हिशेब केला होता, आणि त्यासाठी हवेची स्निग्धता, म्हणजे हवा थेंबाला किती अडवते तो आकडा, घेतला होता. तो सुमारे ०.४ टक्के कमी होता. त्यामुळे विद्युतभार ०.६ टक्के कमी आला. त्यामुळे अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा तितकाच जास्त झाला. घनमूळ घेताना ०.६ चे ०.२ झाले, आणि सगळ्या जगाचे स्फटिक ०.२ टक्के आखूड मोजले गेले. १९३० च्या दशकात हवेची स्निग्धता नव्याने मोजली गेली आणि गणित जुळले. १९४७ साली मग रीतसर ठरले, की एक हजार एक्स-एकके म्हणजे एक नव्हे, तर १.००२०२ अँगस्ट्रॉम.

सिगबान यांच्या यंत्रांत दोष नव्हता. त्यांनी महिन्याकाठी कॅल्साइट मोजून वही ठेवली असती तर टिंबे सरळ रेघेत आली असती. ज्या मापाने सगळे मोजत होते त्या मापातच खोट होती, आणि ती तराजूशी अजिबात नाते नसलेल्या दुसऱ्या तराजूने पकडली. यंत्र स्थिर आहे का हे वही सांगते. ते खरे बोलते का, हे सांगायला बाहेरचा साक्षीदार लागतो.

आजच्या सिलिकॉनचा साक्षीदार कोण? कोनाच्या बाबतीत निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. पूर्ण वर्तुळ नेहमी ३६० अंशांचेच असते. तबकडीवरचे सगळे छोटे कोन एकमेकांशी ताडत वर्तुळ पूर्ण केले, की त्यांच्यातल्या चुकांची बेरीज शून्य व्हावीच लागते. कोणाकडून उसने माप आणावे लागत नाही. लांबीसाठी बॉन्झे आणि हार्ट यांनी १९६५ साली सिलिकॉनच्या एका अखंड स्फटिकातून क्ष-किरणांचा व्यतिकरणमापक घडवला. त्यात पात्यासारखा एक भाग सरकवला की अणूंचा एकेक थर ओलांडल्याची खूण मिळते, आणि तेच सरकणे लेसरच्या प्रकाशानेही मोजता येते. किती प्रकाशलहरींत किती थर गेले, हे सरळ मोजायचे. या मार्गाने सिलिकॉनच्या मूळ घनाची बाजू ५.४३१०२ अँगस्ट्रॉम आणि त्यापुढे आणखी काही अंकांपर्यंत ठाऊक झाली, तीही २२.५ अंश सेल्सिअस या ठरलेल्या तापमानाला. इथे तेलाचा थेंबही नाही आणि हवेची स्निग्धताही नाही.

पण असे यंत्र कुठे तरी दूर असले, जिथे दुरुस्तीला माणूस जाऊच शकत नाही, तर? क्युरिऑसिटी ही गाडी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावरच्या गेल विवरात उतरली, तेव्हा तिच्या पोटात केमिन नावाचे क्ष-किरण विवर्तनाचे यंत्र होते. दुसऱ्या ग्रहावर गेलेले हे असे पहिलेच यंत्र. त्यात फिरणारा बाहू नाही. कोबाल्टची नळी, मध्ये भुकटीचा थरथरणारा कप्पा, आणि पलीकडे डिजिटल कॅमेऱ्यात असते तशी किरण टिपणारी पट्टी. ती पट्टी थंड राहावी म्हणून मोजणी रात्री होते. कप्पे एका चाकावर बसवलेले आहेत. त्यातले २७ मंगळाच्या मातीसाठी, आणि ५ पृथ्वीवरूनच सीलबंद करून पाठवलेल्या प्रमाण पदार्थांसाठी. त्यांत बेरिल आणि क्वार्ट्झ यांचे एक मिश्रण आहे. मॅडमच्या वहीत सिलिकॉनचे जे काम, तेच तिथे या मिश्रणाचे. प्रवासात, उतरताना बसलेल्या धक्क्यात आणि पुढच्या थंडी-उन्हात काही सरकले का, हे त्याच्या शिखरांवरून कळते.

तरी एक अडचण उरलीच. प्रमाण पदार्थ आपल्या कप्प्यात, माती तिच्या कप्प्यात. चाकावरचा प्रत्येक कप्पा केसभर पुढे-मागे बसतो, म्हणजे पुन्हा तोच उंचीचा प्रश्न. पृथ्वीवर चिमूटभर सिलिकॉन मिसळता आले असते, मंगळावर ते कोण मिसळणार? शास्त्रज्ञांनी तोड काढली ती मंगळाच्या मातीतूनच. ऑक्टोबर २०१२ मध्ये रॉकनेस्ट या जागेवरची वाळू तपासली तेव्हा तिच्यात प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सिन आणि ऑलिव्हिन ही खनिजे सापडली. प्लॅजिओक्लेजमध्ये सोडियम आणि कॅल्शियम यांचे प्रमाण बदलते, आणि त्याबरोबर त्याच्या स्फटिकाच्या बाजू आणि कोनही बदलतात. पण ते मन मानेल तसे बदलत नाहीत. एक बाजू इतकी असेल तर दुसरी बाजू आणि कोन किती असणार, हे पृथ्वीवरच्या शेकडो मोजमापांवरून ठरलेले आहे. कप्पा सरकलेला असेल तर हे नाते बिघडलेले दिसते. मग कप्पा किती सरकला असे धरले तर नाते पुन्हा जुळते, तो आकडा शोधायचा आणि त्या कप्प्यातल्या सगळ्याच खनिजांना लावायचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंगळावरच्या खनिजांची मापे या रीतीने नव्याने काढली गेली.

प्लॅजिओक्लेज हे आपल्याला परके खनिज नाही. दख्खनच्या काळ्या दगडात ते भरपूर असते. आपल्या घराच्या जोत्यात, किल्ल्याच्या तटात, पाट्या-वरवंट्यात, रस्त्याच्या खडीत ते आहे. मंगळावरच्या तराजूला पासंग म्हणून उपयोगी पडला तो याच जातीचा खडा.